धाक बसावा म्हणून मुलांना तुरुंग दाखवावा का?

प्रश्न : आमच्या शाळेतली नववी-दहावीची सात-आठ मुलं हाताबाहेर चालली आहेत. मारामाऱ्या रोजच्याच, परवा एकाच्या दप्तरात सुरा सापडला. अमेरिकेत अशा मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम देतात, त्याचे व्हिडिओ पाहिले. मुलं ढसाढसा रडतात. कारागृहाकडे तशी परवानगी मागावी का?
– मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

उत्तर : मागू नका. या प्रकाराचं मूळ न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात आहे. तिथे १९७६ पासून जन्मठेपेचे कैदी मुलांना भेटू लागले. भेट साधारण तीन तासांची. आधी कोठड्या दाखवायच्या, मग मुलांना समोर बसवून कैदी अगदी तोंडाजवळ तोंड आणून ओरडणार, आत तुझ्यासारख्या पोराचं काय होतं ते बलात्कारासकट ऐकवणार. १९७८ मध्ये त्यावर ‘स्केअर्ड स्ट्रेट’ हा माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं आणि राज्याराज्यांत नकला सुरू झाल्या. माहितीपटातल्या १७ मुलांपैकी १६ जण तीन महिन्यांनंतर सरळ होते, हा त्यातला दावा.

घोळ इथेच आहे. तुरुंगात न नेलेली तशीच मुलं तेवढ्या काळात कशी वागली, हे त्यात कुठेच नाही. वयाच्या या टप्प्यावर बरीच मुलं एखाददुसरी भानगड करून आपणहून थांबतात. श्रेय मात्र भेटीला जातं. रटगर्स विद्यापीठाच्या जेम्स फिंकनॉअर यांनी तुलना केली. राहवेला गेलेल्या ४६ मुलांपैकी १९ जणांनी सहा महिन्यांत पुन्हा गुन्हा केला. न गेलेल्या ३५ पैकी फक्त चौघांनी. (कोणाला न्यायचं आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं होतं. मुलं पाठवणाऱ्या काही संस्थांनी ते पाळलं नाही, म्हणून या एका अभ्यासावर फार भार टाकू नये.) पण मिशिगनचा १९६७ चा प्रयोगही तेच सांगतो : पुन्हा गुन्हा करणारे नेलेल्यांत ४३ टक्के, न नेलेल्यांत १७ टक्के. पुढे संशोधक अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी १९६७ ते १९९२ मधले नऊ प्रयोग, एकूण ९४६ मुलं, तपासली. निष्कर्ष असा की काहीच न करण्यापेक्षाही ही भेट वाईट.

उलटं का होतं, याची खात्रीशीर फोड झालेली नाही. आम्हाला सगळ्यात पटणारं कारण म्हणजे टोळी. दहा मुलं एकत्र नेली की जो रडला नाही तो परतीच्या गाडीतच हिरो होतो. शिवाय दंडाला गोंदण असलेला, कुणाला न भिणारा कैदी काही पोरांना धोक्याची खूण वाटत नाही, आदर्श वाटतो. आणि जरब बसते ती पकडलं जाण्याच्या खात्रीने. वीस वर्षांनी होणारी शिक्षा पंधराव्या वर्षी कुणाला दिसते?

तेव्हा तुमच्या त्या सात-आठ जणांना एका खोलीत बसवून ‘समुपदेशन’ही करू नका. तुकड्या, बाक, खेळाची वेळ वेगळी करा. प्रत्येकाशी आणि त्याच्या घरच्यांशी स्वतंत्र बोला. सुरा आणणाऱ्याला आधी विचारा, तू कुणाला घाबरतोस? बऱ्याचदा शस्त्र भीतीपोटीच येतं.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा. दुकानातून मोबाइल उचलला. दुकानदाराने तो परत घेऊन प्रकरण मिटवलं. ओळखीचे हवालदार म्हणतात, “दोन तास कोठडीत बसवतो, आयुष्यभर लक्षात ठेवील.” बसवू द्यावं का?
– एक वडील, नाशिक

उत्तर : नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १० प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त बालकाला (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला) कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. रीतसर ताब्यात घेतलं तरी २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे नेणं बंधनकारक असतं. समज द्यायचा अधिकार मंडळाला आहेच : कलम १८ खाली समज, समुपदेशन, समाजसेवा असे आदेश होतात. म्हणजे कायद्याला जरब वर्ज्य नाही, कोठडीचा खेळ वर्ज्य आहे.

घरी करायचं ते रुक्ष आहे. मुलगा स्वतः दुकानात जाऊन माफी मागेल. काही नुकसान झालं असेल तर ते खाऊच्या पैशातून, हप्त्याने फेडेल. शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतचे तास कुठे, कुणाबरोबर जातात ते दोन आठवडे लिहून काढा. चोरीची वाट बहुधा त्याच तासांतून जाते. मोबाइल कशासाठी हवा होता हेही विचारा. विकायला हवा असेल तर प्रकरण पैशाचं किंवा व्यसनाचं आहे, आणि मग जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा.

अमेरिकेत गुण आलेली ‘मल्टिसिस्टेमिक थेरपी’ याच वळणाची आहे. एका समुपदेशकाकडे चार ते सहाच कुटुंबं, तीन ते पाच महिने, आणि भेटी मुलाच्या घरी.

प्रश्न : मग येरवड्याची शालेय सहलही नको का?
– शिक्षिका, पुणे

उत्तर : ती जरूर काढा. जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालेलं तिथलं तुरुंग पर्यटन इतिहासासाठी आहे : गांधी यार्ड, टिळक यार्ड, १९३२ च्या पुणे कराराची जागा. फक्त वर्गातली ‘वाह्यात’ पोरं निवडून नेऊ नका, सगळा वर्ग न्या. आणि बसमध्ये “नीट वागला नाहीत तर इथेच याल” हे वाक्य टाळा.