आढाव्याच्या मसुद्यावर रुग्णाने नेमके काय लिहावे?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे: एका दीर्घकालीन आजारावरील संशोधनाचा पद्धतशीर आढावा (म्हणजे त्या विषयावर झालेल्या चाचण्या ठरलेल्या पद्धतीने शोधून एकत्र तपासण्याचे काम) घेणाऱ्या गटाने आपल्याला रुग्ण-सदस्य म्हणून ऑनलाइन सहभागाचे निमंत्रण दिले आहे, प्रोटोकॉलचा, म्हणजे आढाव्याच्या पूर्वनियोजित आराखड्याचा, मसुदा अभिप्रायासाठी पाठवला आहे, आणि वैद्यकीय शिक्षण नसताना आपल्या मताला काही किंमत असेल की केवळ सहभाग दाखवण्यासाठी आपले नाव घेतले जात आहे, अशी आपल्याला शंका आहे. अशा चार आढाव्यांत मी रुग्ण-सदस्य होतो. आपली शंका निराधार नाही. पण आपल्याला प्रोटोकॉलच्याच टप्प्यावर बोलावले आहे, ही मोठी जमेची बाजू आहे.

याचे कारण आढाव्याच्या रचनेतच आहे. कोणत्या रुग्णांवरील, कोणत्या उपचारांच्या चाचण्या आढाव्यात घ्यायच्या आणि उपचाराचा परिणाम कशावरून मोजायचा, हे सर्व प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवावे लागते. आकडे हाती आल्यावर सोयीचे तेवढे निकष निवडता येऊ नयेत, यासाठी ही शिस्त असते आणि ती योग्यच आहे. मात्र तिचा दुसरा अर्थ असा की, आढावा लिहून झाल्यावर रुग्णाला बोलावले, तर ते वरातीमागून घोडे ठरते. मग भाषा सुधारण्यापलीकडे त्याच्या हातात फारसे काही उरत नाही. माझ्या पहिल्या आढाव्यात तसेच झाले होते. अभिप्रायासाठी तीन दिवस मिळाले, मी दोन पाने लिहून पाठवली आणि त्यांचे पुढे काय झाले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

म्हणून मसुद्यात सर्वप्रथम परिणामांचा, म्हणजे ‘आउटकम्स’चा भाग वाचावा. संख्याशास्त्राचा भाग पहिल्या वाचनात सोडून दिला तरी चालेल. परिणामांची यादी वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा आजार घेऊन जगताना मला जे सर्वांत जड जाते, ते या यादीत आहे का? संधिवाताचे उदाहरण सर्वज्ञात आहे. या क्षेत्रात परिणाम कसे मोजावेत, यावर विचार करणाऱ्या ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाने २००२ साली आपल्या परिषदेत रुग्णांना सहभागी करून घेतले, तेव्हा त्यांनी थकव्याचा मुद्दा लावून धरला. तोवर सुजलेले सांधे, दुखरे सांधे, रक्ताच्या चाचण्या यांचीच मोजदाद प्रामुख्याने होत असे. थकवा डॉक्टरांना ठाऊक नव्हता असे नाही. परंतु तो मोजण्याजोगा मानला जात नव्हता.

माझा स्वतःचा अनुभव इतका मोठा नाही, पण उपयोगी पडावा. दुसऱ्या आढाव्याच्या मसुद्यात मळमळीची गणना ‘सौम्य दुष्परिणाम’ अशी केली होती. व्हिडिओ बैठकीत मी एवढेच म्हणालो की, एक दिवसाची मळमळ सौम्य असेल, पण तीच तीन महिने रोज सकाळी होत असेल तर माणूस गोळी घेणे सोडून देतो आणि डॉक्टरांना सांगतही नाही. थोड्या चर्चेनंतर ‘दुष्परिणामांमुळे औषध बंद करणाऱ्यांचे प्रमाण’ हा परिणाम यादीत घेतला गेला. पुढे आढावा पूर्ण झाला तेव्हा बहुतेक चाचण्यांनी ही माहिती दिलेलीच नाही, असे आढळले आणि तक्त्यातील ती ओळ जवळजवळ रिकामी राहिली. प्रथम मी निराश झालो होतो. परंतु ती ओळ तक्त्यात नसती, तर ती माहिती कोणी गोळाच केली नाही हे वाचकाला कळलेही नसते.

अभिप्राय लिहिताना ‘भाषा क्लिष्ट आहे’, ‘रुग्णांचा विचार व्हावा’ अशी वाक्ये टाळावीत. त्यांवर कोणीही मान डोलावतो आणि पुढे जातो. ओळ नेमकी दाखवून तिच्याऐवजी काय हवे ते लिहावे. सोप्या भाषेतील सारांश पुढे आपल्याकडे येईल, तेव्हा टक्केवारीकडे विशेष लक्ष द्यावे. समजा, ‘धोका ५० टक्क्यांनी घटला’ असे लिहिले आहे. मूळ धोका १,००० जणांत दोघांना असेल, तर याचा अर्थ तो आता एकाला आहे. मूळ धोका १,००० जणांत २०० जणांना असेल, तर तो १०० जणांना आहे. दोन्ही ठिकाणी वाक्य तेच राहते, पण औषध घ्यावे की नाही याचा निर्णय निराळा होऊ शकतो. म्हणून ‘१,००० पैकी किती’ अशी मांडणी मागण्यास संकोच करू नये.

वैद्यकीय शिक्षणाबद्दल म्हणाल, तर तुलनेने तांत्रिक कामही सामान्य लोक करतात. ‘कॉक्रेन’ ही आरोग्य संशोधनाचे आढावे प्रसिद्ध करणारी संस्था १९९३ पासून काम करते आणि २०१६ पासून ‘कॉक्रेन क्राउड’ या तिच्या ऑनलाइन उपक्रमात कोणालाही विनामूल्य नोंदणी करता येते. तेथे संशोधन-लेखाचा गोषवारा वाचून, तो चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने गट पाडून केलेल्या चाचणीचा आहे की नाही, हे ठरवायचे असते. आधी सराव करून घेतला जातो आणि एकाच नोंदीवर अनेकांची मते जुळल्याशिवाय निर्णय पक्का होत नाही. संध्याकाळचा अर्धा तास तेथे घालवला, तर प्रोटोकॉलमधील निम्मे शब्द ओळखीचे होतील. तरीही हे काम आणि आपल्याला मिळालेले काम यांत मी फरक करतो: तेथे ठरलेल्या प्रश्नासाठी हातभार लावायचा असतो, येथे प्रश्न ठरवण्यातच वाटा मिळतो.

होकार कळवताना गटाला तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: बैठकीची कागदपत्रे किती दिवस आधी मिळतील, वेळेचे मानधन आहे का, आणि प्रत्येक अभिप्रायाचे काय केले हे लेखी कळवले जाईल का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर मी स्वतः नकार देईन. मसुदा मात्र कोणालाही पुढे पाठवू नये. तो अप्रकाशित असतो. मुदत कमी असेल, तर सर्व शेरे पूर्ण होण्याची वाट न पाहता परिणामांच्या यादीवरील अभिप्राय आधी पाठवून द्यावा आणि बाकीचे नंतर कळवतो, असे त्याखाली लिहावे.