ठाण्यात प्रत्येक सोसायटीत नव्या गाड्या दिसतात. जगभर हेच चाललंय का?

नाही, प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी आहे. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दसऱ्याला झेंडूचे हार घालून चार नव्या गाड्या आल्या, चारही उंच एसयूव्ही. त्यातली एक अजून पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. टायरखाली लिंबू चिरडून झालं, जागा काही मिळाली नाही.

२०२२ मध्ये नव्या वाहनांच्या विक्रीत (दुचाकी सोडून) भारताने जपानला मागे टाकलं. पुढे फक्त चीन आणि अमेरिका. आता वर्षाला ४० लाखांवर कार खपतात, निम्म्याहून जास्त एसयूव्हीच. तरी हजार माणसांमागे आपल्याकडे ५० कारही नाहीत. अमेरिकेत सगळी वाहनं धरून ८०० च्या वर. म्हणजे तिकडे बहुतेक जण जुनी देऊन नवी घेतात, इथे घरातली पहिलीच गाडी घेणारे अजून रग्गड.

नॉर्वेत २०२४ मध्ये दर १० नव्या कारपैकी जवळपास ९ विजेवरच्या होत्या, कारण पेट्रोल गाडीवर जबर कर. सिंगापुरात आधी लिलावात परवाना घ्यायचा, तोही १० वर्षांपुरता. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी पार्किंगचा दाखला पोलिसांकडून आणल्याशिवाय नोंदणीच होत नाही. हा नियम ठाण्यात आणा म्हटलं, तर सगळ्यात आधी आमचे सेक्रेटरी विरोध करतील. त्यांच्या तीन आहेत.