माले आठेच ऱ्हानं शे

पत्र: ‘ताई, माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. बुद्धी लहानपणापासून कमी, फिटही येतात. वडील गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, तो एरंडोलजवळच्या एका निवासी कार्यशाळेत आहे. आता तिथून पत्र आलंय. निवासी विभाग मेअखेर बंद करणार, मुलांना नगर जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेत हलवणार, पालकांनी संमतीवर सही करून पाठवावी. आई ७३ वर्षांची, पारोळा तालुक्यात राहते. दादा तिला म्हणतो, सही कर न् मोकळी हो. मी काही विचारलं तर म्हणतो, तू दिलेली लेक, तुला काय करायचंय. मी धुळ्याला दोन खोल्यांत राहते, सासूबाई अंथरुणावर आहेत. भावाला घरी आणू का? नाही आणलं तर पाप लागेल असं वाटतं. परवा भेटायला गेले तर माझा पदर धरून एवढंच म्हणाला, माले आठेच ऱ्हानं शे. – एक बहीण’

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यात दादा आहे, वहिनी आहे, संस्थेचे सर आहेत. ज्याचं बिऱ्हाड हलणार त्याचं वाक्य मात्र एकच, तेही अगदी शेवटी. पण ते तुम्ही अहिराणीतच लिहिलंत, ‘मला इथेच राहायचंय’ असं त्याचं पुस्तकी मराठी केलं नाहीत. म्हणून मला वाटतं, हे काम तुमच्याच हातून होईल.

आधी सहीचं बोलू, कारण तिची घाई आहे. आईला सांगा, आत्ता सही नाही, अंगठाही नाही. तुमचा भाऊ सज्ञान आहे. १८ वर्षं पूर्ण झाली की आईसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या सज्ञान माणसासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमायचा तर जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. तुमच्या घरात असा अर्ज कोणी केलेला दिसत नाही. म्हणजे आज दादाच्या शब्दाला जेवढं वजन, तेवढंच तुमच्याही. ‘दिलेली लेक’ हा शब्द त्या कायद्यात कुठेच नाही. तिथे ‘नातेवाईक’ आहे, आणि नातेवाईकाला अर्ज करता येतो.

लगेच अर्ज करा असं मात्र मी म्हणणार नाही. जागा बदलायची म्हणून पालक नेमायलाच हवा असं नाही, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा कल मर्यादित पालकत्वाकडे आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीसाठी, त्या माणसाला सोबत घेऊन. पण उद्या दादाच अचानक पालक व्हायला उत्सुक दिसला, तर सातबारा डोळ्यांपुढे ठेवा. वडिलांच्या जमिनीत धाकट्याचा वाटा आहे. बुद्धी कमी म्हणून हिंदू वारसा कायद्यात कोणाचा वाटा जात नाही. आणि न्यास कायद्याखाली नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हे चहा पिता पिता सहज कानावर घाला. भांडायला जाऊ नका.

आता त्या वाक्याकडे येते. तुम्ही ते ‘नव्या ठिकाणी जायचं नाही’ असं ऐकलंत. असेलही तसं. पण ‘आठे’ म्हणजे त्याच्या लेखी नेमकं काय? माझ्या मावसभावाला वीस वर्षांपूर्वी असंच एका संस्थेतून दुसरीकडे हलवलं. नाव सांगत नाही. दुपारी जीप आली, पिशवीत कपडे भरले, त्यातले निम्मे दुसऱ्याच मुलाचे. नव्या ठिकाणी चार महिने तो रोज तीन वाजता फाटकाशी जाऊन उभा राहायचा. सगळे म्हणायचे, घरची आठवण येते. मावशी रडायची. जुन्या ठिकाणी दुपारी तीनला दूधवाला यायचा आणि कॅन उतरवायला हा मदत करायचा, हे फार उशिरा कळलं. तेही तिथल्या स्वयंपाकीणबाई एका लग्नात भेटल्या म्हणून. त्याचं ‘इथे’ म्हणजे ते दुधाचे कॅन होते. आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून येत्या रविवारी जा, आणि प्रश्न विचारत बसू नका. ‘कुठे राहायचंय, का राहायचंय’ याला तो उत्तर देणार नाही, किंवा तुम्हाला आवडेल ते देईल. त्याला म्हणा, चाल, माले दखाड. तो कुठे नेतो ते बघा. पलंगाशी नेतो, वाती वळायच्या टेबलाशी नेतो, की कोण्या मित्राचा हात धरून आणतो? परतताना एसटीत बसल्या बसल्या वहीत उतरवा. मित्र निघाला तर पहिली मागणी हीच: दोघांना एकाच ठिकाणी पाठवा. पेला, गोधडी, नळाजवळची खाट असं काही निघालं तर ते सोबत नेता येतं किंवा मागून घेता येतं. आणि आईचं महिन्याच्या पहिल्या रविवारचं येणं निघालं, तर नगर जिल्हा या एकाच कारणाने नाकारता येतो. पारोळ्याहून एरंडोल म्हणजे हायवेवरची एक गाडी. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तरी गुडघे काही अर्धे दुखत नाहीत. आई तिकडे वर्षातून किती वेळा जाईल, हे अर्जात स्पष्ट लिहा.

अर्ज म्हणजे काय, तर एक साधं पत्र. विभाग का बंद होतोय, नव्या संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र कुठाय, रात्रपाळीला किती माणसं, खर्च कोणाचा, भावाला हे कोणी कसं समजावलं आणि तो काय म्हणाला, जळगाव-धुळ्यात जागा शोधली का. दोन प्रती काढा आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी बोललेलं संस्थेला आठवत नाही. एक प्रत जिल्हा परिषदेत दिव्यांगांचं काम बघणाऱ्या विभागाला द्या. तिथे जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त संस्थांची यादीही मागा. आठ-पंधरा दिवसांत कोणी हललं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. चौकशीत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. वकील लागलाच तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना आणि दिव्यांगांना तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही.

त्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५ आहे. अमुकच व्यवस्थेत राहा अशी बळजबरी दिव्यांग व्यक्तीवर होऊ नये, असं ते म्हणतं. म्हणतं म्हणजे, सरकारने तसा ‘प्रयत्न’ करावा म्हणतं. शब्द मऊच आहे. तरी अर्जात लिहा, वाचणारा सावरून बसतो.

एक विचारायचं राहिलं. हेच पत्र बाकीच्या घरांनाही गेलं असेल ना? त्यांना गाठलंत का? एकटी बहीण म्हणजे कटकट. बारा घरांची सही असलेला अर्ज आला की साहेब खुर्ची द्यायला सांगतात. तीन-चार घरं मनाने जुळली तर याच मुलकात छोटं सामूहिक घर हवं अशी मागणीही करता येईल. राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ-कम-घरौंदा’ योजना अशा मोठ्या माणसांच्या निवाऱ्यासाठीही आहे. मेअखेरपर्यंत त्यातलं काही होणार नाही, पण आज बी पेरायला हरकत नाही.

आणि हे सगळं करूनही तो विभाग बंद होऊ शकतो. म्हणून ‘तुला कुठ्ठं नेऊ देणार नाही’ असा शब्द भावाला देऊ नका. हलायचंच ठरलं तर आधी एकदा तुम्ही न कळवता, संध्याकाळी जेवणाच्या वेळी जाऊन या. ऑफिस बघू नका, न्हाणीघर बघा. दोरीवरचे कपडे ज्याचे त्याचे आहेत का बघा. मग भावाला दोनदा तरी नुसतं फिरवून आणा, तिथे जेवू द्या, परत आणा. फिटच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, स्वतःच्या हाताने द्या. जागा बदलण्याच्या गडबडीत एखादा दिवस गोळी चुकली तरी फिट येऊ शकते. आणि त्याच्या शब्दांचा एक कागद करा. ‘मनं पोट दुखस’ हे नगरकडच्या मावशींना एकवेळ कळेल. पण कुकरच्या शिट्टीने तो कान झाकून पलंगाखाली जातो, तेव्हा ओढायचं नाही, बाजूला बसून राहायचं, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्हीच ते लिहिलंय.

घरी आणायचं? नको, ताई. पाप लागेल या भीतीने आणाल, आणि दिवाळीपर्यंत सासूबाई, तो आणि तुम्ही, तिघंही एकमेकांवर ओरडायला लागाल. तिथे त्याला काम आहे, सोबती आहेत. तुमच्या दोन खोल्यांत तो दिवसभर टीव्हीसमोर बसेल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणा. सगळ्या लेकी माहेरी येतात, हा बहिणीकडे येईल. चार दिवस, आणि परत जायचा दिवस आधीच कॅलेंडरवर गोल करून त्याला दाखवलेला.

दादाला यातलं एक काम जरूर द्या. गोळ्या आणायचं द्या, गाडीचं द्या. त्याच्या मनात जमीनच असेल असं मी धरून चालत नाही. बारा वर्षं संस्थेची पत्रं त्याच्याच नावावर येतायत, तोही थकला असेल. फक्त पोच घेतलेला अर्ज त्याच्याकडे ठेवू नका. आईच्या ट्रंकेत ठेवा, आणि एक झेरॉक्स तुमच्याकडे.