कच्ची वाट, फोर बाय फोर आणि डोंगरावरचा मुक्काम

प्रश्न : आम्ही पाच मित्र घोडबंदर रस्त्यावर एकाच संकुलात राहतो. दोघांकडे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळू शकणाऱ्या, गाड्या आहेत, एक थार आणि एक जिम्नी. तिसऱ्याकडे उंच, परंतु केवळ पुढच्या चाकांवर चालणारी एसयूव्ही आहे. दिवाळीनंतर मुरबाडच्या पुढे माळशेजच्या परिसरात एखाद्या खडतर डोंगरवाटेने वर जाऊन एक रात्र तंबूत काढण्याचा विचार आहे. असा अनुभव कोणालाच नाही. तिन्ही गाड्या न्याव्यात का, आणि कशाकडे विशेष लक्ष द्यावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तिसरी गाडी पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी अंगणात, रीतसर विचारून उभी करावी आणि पाचही जणांनी उरलेल्या दोन गाड्यांत बसावे. उंच गाडी म्हणजे डोंगरात चालणारी गाडी, हा समज शहरात फार पक्का झाला आहे. उंचीमुळे दगडावर आपटून इंजिनाखालचे तेलाचे चेंबर फुटण्याची भीती कमी होते, एवढेच. चढणीवर गाडीचे वजन मागच्या चाकांकडे सरकते, पुढची चाके हलकी होतात, आणि ज्या गाडीत इंजिनाची ताकद केवळ पुढच्याच चाकांना मिळते तिची चाके ओल्या मुरमात जागच्या जागी गरगरत राहतात. मात्र दोन गाड्या हव्यातच. एक अडकली तर दुसरीने तिला ओढून काढता आले पाहिजे, आणि तेही न जमल्यास कोणाला तरी खाली जाऊन मदत आणता आली पाहिजे.

वाट निवडताना ती कोणाची आहे, हे आधी विचारा. त्या पट्ट्यातील डोंगरउतारांचा बराच भाग राखीव वनात मोडतो, आणि हरिश्चंद्रगडाच्या बाजूला वळलात तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही आणि आग पेटवण्यासही मनाई आहे. त्यामुळे वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात चौकशी करणे आणि मुक्काम शक्यतो खाजगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने करणे हाच सरळ मार्ग होय. गावातल्या माणसाशी चार शब्द बोलल्याने आणखी एक गोष्ट कळते, जी मोबाइलवरच्या नकाशात कधीच दिसत नाही : यंदाच्या पावसात वाट कुठे खचली आहे.

दिवाळीनंतरचा काळ हवेच्या दृष्टीने उत्तम असला तरी वाटेच्या दृष्टीने फसवा असतो. चार महिन्यांच्या पाण्याने चाकोऱ्यांच्या जागी घळी पडलेल्या असतात, आणि त्या घळी व त्यांतले धोंडे कमरेएवढ्या गवताखाली झाकलेले असतात. भातखाचरांच्या कडेची जमीन वरून कोरडी दिसते आणि चाक चढताच आत बसते. याच दिवसांत भाताची कापणी आणि झोडणी सुरू असते. अडचण टाळण्यासाठी खाचरातून गाडी घातली तर बांध फुटतो, आणि पुढच्या पावसात त्या खाचरात पाणी धरून राहत नाही. वाट नसेल तिथे मागे फिरावे; खाचरातून नवी वाट पाडू नये.

आता प्रत्यक्ष गाडी चालवण्याबद्दल. समोरची अवघड जागा प्रथम पायी पाहून यावी, हा नियम पाचही जणांनी मान्य केला तर निम्मी संकटे टळतील. एकाने गाडी चालवावी, एकाने पुढे उभे राहून चाक कुठे टाकायचे ते हाताने दाखवावे, आणि इतरांनी गप्प बसावे. तीन जण तीन दिशांनी ओरडू लागले की चालकाला काहीच ऐकू येत नाही, हे मित्रमंडळींना सांगावे लागते. चढणीला लागण्यापूर्वीच गाडी थांबवून लो रेंज, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त देणारी फोर बाय फोरची गिअर-जोडणी, टाकावी. अर्ध्या चढावर गिअरशी झटापट करू नये. चढ आणि उतार सरळ रेषेत पार करावेत, कारण उताराला आडवी गेलेली गाडी एका दगडाच्या निमित्ताने कलंडू शकते. चढताना गाडी थांबलीच, तर तिथे वळवण्याचा प्रयत्न न करता रिव्हर्स गिअरमध्येच सरळ मागे यावे. उतरताना लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी रोखून धरावी, क्लच दाबू नये आणि न्यूट्रल तर कधीच करू नये. सतत ब्रेक दाबून उतरले की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. स्टिअरिंगच्या आत अंगठे अडकवू नयेत, दगडाने चाक फिरवले की त्याचा झटका अंगठ्याला बसतो.

टायरमधील हवा थोडी कमी केल्यास चाकाचा जमिनीशी संपर्क वाढतो आणि पकड सुधारते, हे खरे आहे. परंतु आपल्या सह्याद्रीतला बेसॉल्टचा दगड धारदार फुटतो, आणि फार मऊ टायरची बाजू त्याच्यावर सहज कापली जाते. म्हणून वाळूत जेवढी हवा सोडतात तेवढी इथे सोडू नये, आणि डांबरी रस्त्यावर परतण्याआधी ती पुन्हा भरता यावी यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप सोबत ठेवावा. आणखी एक सूचना दोन्ही गाड्यांना लागू आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर चालू ठेवू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. हा फरक सामावून घेणारी सोय या गाड्यांच्या मधल्या भागात नसल्याने सगळा ताण यंत्रणेवर येतो.

अडकलेली गाडी ओढताना सर्वांत गंभीर अपघात होतात, आणि त्याची कल्पना नवख्यांना नसते. दोर गाडी ओढण्यासाठी कंपनीने दिलेल्या टो हुकलाच बांधावा. बंपरला किंवा सस्पेन्शनच्या भागाला बांधलेला दोर तो भाग उपटून आणतो, आणि ताणातून सुटलेले लोखंड माणसाच्या अंगावर येते. दोर ताणला जात असताना दोराच्या लांबीपेक्षा अधिक अंतरावर सर्वांनी उभे राहावे, दोरावर एखादे जड घोंगडे टाकावे आणि त्याला कोणीही ओलांडू नये. ओढण्याआधी फावड्याने चाकापुढची माती काढली तर बऱ्याचदा दोराची गरजच पडत नाही. फावडे मात्र कोणी घेऊन येत नाही. स्पीकर सगळे आणतात.

मुक्कामाची जागा उजेड असतानाच गाठा. दुपारी तीनपर्यंत वर पोहोचलो नाही तर परत फिरायचे, असे घरूनच ठरवून निघावे. तंबू ओढ्याच्या पात्रात किंवा कड्याच्या अगदी पायथ्याशी नको, आणि आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली तर मुळीच नको, कारण धुराने माशा उठतात. मण्यार रात्री फिरते आणि उघड्यावर जमिनीवर झोपलेल्यांना चावते, म्हणून तंबूची चेन पूर्ण लावून झोपावे आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. दंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे असले काहीही न करता माणसाला कमीत कमी हालचाल करू द्यावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. त्यासाठी वर मोबाइलला रेंज कुठे मिळते, हे उजेडातच पाहून ठेवावे लागेल.

प्रश्न : एवढ्या लांब जाण्याआधी येऊरच्या जंगलात रात्री थोडा सराव करता येईल का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : नाही. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे. रात्री जंगलात गाडी घालणे हा सराव नसून गुन्हा ठरेल. सरावासाठी खाजगी जागेवर आखलेले ऑफ-रोड ट्रॅक असतात, जिथे प्रशिक्षक सोबत बसतो. तिथला एक दिवस डोंगरातल्या अनेक फेऱ्यांपेक्षा अधिक शिकवून जातो.

प्रश्न : कर्जतकडे मित्राच्या जागेवर आम्ही पावसाळ्यात तंबू टाकतो. वाटेत एक ओढा आडवा येतो. पाणी किती असेपर्यंत गाडी घालावी?
– एक वाचक, खारघर

उत्तर : खोलीइतकाच वेगाचा विचार करा. वाहते पाणी सुमारे ३० सेंटीमीटर असले तरी लहान गाडी तरंगू लागते, आणि ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा संथ पाण्यासाठी असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पाणी गढूळ असून तळ दिसत नसेल आणि पायी उतरून पलीकडे जाण्याचे धाडस होत नसेल, तर गाडीही घालू नये. तळ दिसत असेल आणि पाणी संथ व घोट्याएवढे असेल, तर लो रेंजमध्ये एकाच संथ गतीने, मध्ये न थांबता आणि गिअर न बदलता जावे. इंजिन पाण्यात बंद पडले तर ते पुन्हा सुरू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असल्यास स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनच उतरवावे लागते. डोंगरात वर पाऊस झाला की खालचा ओढा अर्ध्या तासात बदलतो. सकाळी ओलांडलेला ओढा संध्याकाळी तसाच असेल असे गृहीत धरू नका. तुमच्या खारघरचा पांडवकडा धबधबा पावसाळ्यात पर्यटकांना का बंद करतात, ते आठवा.

प्रश्न : मोठे टायर, लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) बसवण्याचा सल्ला मिळतो आहे. खर्च करावा का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आताच नको. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत, आणि पुढे लावायच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश केंद्राने २०१७ च्या अखेरीस राज्यांना दिले होते. असे गार्ड धडकेचा जोर थेट सांगाड्याकडे नेतात आणि पादचाऱ्यालाही अधिक इजा करतात. अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी दावा अडवू शकते, ते वेगळेच. मूळ मापाचेच, पण खडबडीत जमिनीसाठी बनवलेले ऑल-टेरेन टायर, चांगला दोर, तो जोडायला दोन शॅकल (लोखंडी कड्या) आणि शाबूत स्टेपनी, एवढ्यावर पहिली दोन वर्षे आरामात निघतात.

प्रश्न : माझे पती आणि त्यांचे मित्र थंडीत डोंगरावर मुक्कामाला जातात. तंबूत कोळशाची शेगडी ठेवतात, किंवा गाडीतच इंजिन चालू ठेवून हीटर लावून झोपतात. हे योग्य आहे का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : दोन्ही प्रकार जिवावर बेतणारे आहेत आणि ते आजच बंद करायला सांगा. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागेही करत नाही. उभ्या गाडीचा धूर फटींतून आत येऊ शकतो, आणि सायलेन्सर गवताने किंवा मातीने झाकला गेला असेल तर हा धोका वाढतो. कोरड्या गवतात तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागण्याचे भय आहेच. थंडीसाठी खाली जाड मॅट, तिथल्या रात्रीच्या तापमानाला पुरेशी स्लीपिंग बॅग, कानटोपी आणि कोरडे मोजे पुरतात. शेगडी तंबूबाहेर ठेवावी, झोपण्याआधी पाणी ओतून विझवावी, आणि राखेत हात घालून ती गार झाल्याची खात्री करूनच आत जावे.