वाचकांचे प्रश्न : कीबोर्डच्या साथीत गायकाचे शब्द बुडतात तेव्हा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमांत यामाहाच्या अ‍ॅरेंजर कीबोर्डवर (साथ आपोआप वाजवणाऱ्या) स्टाईल, म्हणजे साथीचा तयार नमुना, लावून भावगीते गातो. माइक थेट कीबोर्डला जोडलेला असतो. घरी सरावाच्या वेळी सारे नीट जुळते. सभागृहात मात्र ठेका आणि बेस इतके वर येतात की शब्द कळत नाहीत, अशी श्रोत्यांची तक्रार आहे. माइक वाढवला की शिट्टी वाजते. काय करावे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : घरी जुळवलेले प्रमाण सभागृहात बिघडते, यात आपल्या कानांचा दोष नाही. आवाज लहान असताना खर्जातले स्वर माणसाला प्रत्यक्षापेक्षा क्षीण ऐकू येतात आणि आवाज मोठा केला की तेच स्वर भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. त्यामुळे शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून घरी हळू आवाजात बसवलेला बेस मोठ्या स्पीकरवर गाण्याच्या अंगावर येतो. म्हणून प्रमाण ठरवायचे ते प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या आवाजात, आणि शक्य असेल तर त्याच सभागृहात.

सुरुवात गेनपासून करावी. माइकचा क्षीण संकेत कीबोर्डमध्ये शिरताना किती वाढवायचा, हे गेनचे बटण ठरवते. बहुतेक जण 'हॅलो, चेक' म्हणून ते लावतात. पण बोलण्याचा जोर आणि अंतऱ्यातल्या तार षड्जाचा जोर यांत फार अंतर असते, आणि मग ऐन रंगात आवाज फाटतो. गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीने गावी, आवाज फाटू लागल्याची सूचना देणारा लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवावा आणि तिथून थोडा मागे घ्यावा. पुढे कमी-जास्त करायचे ते माइकच्या व्हॉल्यूमने. गेनला पुन्हा हात लावू नये. आपण रजिस्ट्रेशन मेमरीत (कीबोर्डची जुळवणी साठवण्याच्या सोयीत) स्टाईलचे आणि इतर व्हॉल्यूम साठवून ठेवू शकता, परंतु गेनचे फिरते बटण त्यात साठवले जात नाही. त्याच्या जागेची बारीक खूण कीबोर्डवर करून ठेवावी, कारण वाहतुकीत ते हमखास हलते.

यानंतर आवाज वाढवण्याऐवजी साथीत त्याच्यासाठी जागा करावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्या कीबोर्डवर स्टाईलचे आठ भाग असतात : ठेक्याचे दोन, बेस, कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे) दोन, पॅड (मागे लांबत राहणारे स्वर) आणि फ्रेजचे (छोट्या सुरावटींचे) दोन. शब्द अस्पष्ट होतात ते बरेचदा ठेक्यामुळे नव्हे, तर पॅड, कॉर्ड आणि फ्रेज हे गळ्याच्याच स्वरांच्या टप्प्यात वाजत राहिल्यामुळे. कीबोर्डच्या पडद्यावरील मिक्सरच्या पानावर यांच्या आवाजाचे आकडे १०० च्या आसपास असतील तर पॅड आणि फ्रेज ७० पर्यंत उतरवून पाहावेत, कॉर्ड ८० वर ठेवावेत आणि बेस सभागृहात ऐकूनच ठरवावा. ठेक्याला शक्यतो धक्का लावू नये. तो खाली गेला की गाण्याचा जीव जातो. उजव्या हाताने गाण्याची चाल सोबत वाजवत राहण्याची सवय असेल तर तीही सोडावी, कारण बासरीच्या किंवा व्हायोलिनच्या स्वरात तीच चाल वाजली की गळ्यातली व्यंजने तिच्याखाली झाकली जातात. ते वादन दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेसाठी राखावे.

शिट्टीचे कारण असे की स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतो आणि फिरत राहतो. स्पीकर आपल्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असावेत. मॉनिटर (गायकाला ऐकू यावे म्हणून ठेवलेला स्पीकर) असेल तर तो माइकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवावा, कारण गाण्याचे बहुतेक माइक मागून सर्वांत कमी ऐकतात. माइकची जाळी मुठीत धरू नये, त्याने हा गुण नाहीसा होतो. शिवाय तोंडापासूनचे अंतर १० सेंटिमीटरवरून ५ वर आणले तर माइकमध्ये पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि तोही कोणतेच बटण न वाढवता. जवळ आल्यामुळे गळा घोगरा वाटू लागला तर माइकचा बेस थोडा कमी करावा.

शेवटी निर्णय गायकाने स्वतः देऊ नये, कारण त्याला आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असतो. चौथ्या-पाचव्या रांगेत एखाद्याला बसवावे, मात्र त्याला ते गाणे पाठ नसावे. पाठ असलेले शब्द बुडाले तरी ऐकू आल्यासारखे वाटतात. ऐकलेली ओळ त्याला कागदावर लिहून काढता आली, तर प्रमाण जमले असे समजावे.

प्रश्न : मी पेन ड्राइव्हवरील ट्रॅक (आधी रेकॉर्ड केलेली साथ) कीबोर्डमधून वाजवून गातो. प्रत्येक ट्रॅकचा आवाज वेगळा असल्याने दर गाण्याला माइकचा आवाज बदलावा लागतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : माइकचा आवाज स्थिर ठेवून ट्रॅक सारखे करावेत. ऑडॅसिटी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये लाऊडनेस नॉर्मलायझेशनची, म्हणजे कानाला जाणवणारा आवाज सारखा करण्याची, सोय आहे. तिथे सर्व ट्रॅकना एकच आकडा द्यावा. केवळ सर्वोच्च टोके सारखी करून भागत नाही, कारण लहान-मोठ्या आवाजांतला फरक दाबून टाकलेला ट्रॅक तरीही मोठाच ऐकू येतो. सर्वांत हळू ट्रॅकला ओढूनताणून वर नेण्यापेक्षा मोठे ट्रॅक खाली आणावेत.

प्रश्न : इको किती ठेवावा? (एक वाचक, पणजी)

उत्तर : कीबोर्ड आणि बाहेरचा मिक्सर या दोन्हींवर इको चालू नाही ना, हे आधी पाहावे, चालू असल्यास एक बंद करावा. रिकाम्या सभागृहात घुमणारा आवाज माणसे भरल्यावर बराच शोषला जातो, त्यामुळे तपासणीच्या वेळी थोडा कोरडा वाटणारा गळाच योग्य. निवेदन करताना इको पूर्ण बंद असावा. यामाहाच्या अनेक मॉडेलांत त्यासाठी टॉक हे वेगळे बटण दिलेले असते.