बाबांचा अँप भंगारात देण्याआधी

दापोलीच्या भावाने विचारलंय की बाबांचा जुना अँप (अँप्लिफायर, स्पीकर वाजवणारा डबा) आणि ऑनलाइन मागवलेला छोटा क्लास डी (कमी तापणाऱ्या प्रकारचा) अँप, दोन्ही त्याच स्पीकरवर लावून बघितले, नवा जास्त क्लिअर वाटतोय, तर जुना भंगारात काढू का. अरे थांब जरा!

आवाज किती ठेवला होतास? अंदाजाने नॉब फिरवला असशील तर ते ऐकणं फुकट गेलं, कारण एक अँप अर्धा डेसिबल (आवाज मोजायचं माप) जरी वर असला ना तरी कानाला तो मोठा वाटतच नाही, चांगला वाटतो, बेस भरलेला, गाणारा पुढे आलेला. मोबाईल अँपला जोडून 100 हर्ट्झचा टोन, म्हणजे एकच सलग सूर, लाव (स्वस्त मीटर 1000 हर्ट्झला नीट दाखवत नाहीत), मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेव आणि पिना स्पीकरच्या मागच्या टर्मिनलला टेकव, अँपच्या नाही. नॉब फिरवून दोन्हींना 2 व्होल्ट यायला हवेत, 2.02 चालेल, 2.1 नाही.

स्पीकरलाच का, तर गुहागरला माझीच फजिती झालीय. नवा अँप आणला तेव्हा मी चार जणांना सांगत सुटलो, स्टेज (समोर आवाज पसरलेला वाटतो तो) काय रुंद झालाय, जुन्यात सगळं उजवीकडे ओढल्यासारखं यायचं. मग मीटर लावला तर जुन्यावर उजवीकडे 2 आणि डावीकडे 1.7. नव्याला नवी वायर होती, जुन्याला तीच दहा वर्षांची. टोक सोललं तर आतलं तांबं हिरवंगार, कल्हई उडालेल्या पातेल्यात रात्रभर ताक राहिल्यासारखं. खाऱ्या हवेत हे होणारच. दोन इंच कापून परत कसली, झाला जुनापण रुंद 😄

तरी मी हट्टाने म्हणत होतो की पखवाजाची थाप नव्यातच घट्ट येते. मुलीला चेंजओव्हर स्विचपाशी (स्पीकर या अँपवरून त्या अँपवर नेणारा) बसवलं, मी पाठमोरा, ती नाणं उडवून ठरवणार कुठला लावायचा. भजनाचा तोच वीस सेकंदांचा तुकडा, कारण मिनिटभराने आधीचा आवाज नेमका कसा होता ते कानात राहत नाही. दहात पाच बरोबर. म्हणजे मी नुसता अंदाज ठोकत होतो. तुझे सात आले तरी नाचू नकोस, नुसतं ठोकूनही सहातून एकदा सात किंवा वर येतात, नऊ आले तर मानतो.

स्विच प्लस-मायनस दोन्ही तोडणारा घे, दोन अँप एका स्पीकरला एकदम जोडलेस तर धूर निघेल.

आणि अँपचं जाऊदे, आधी स्पीकरची जाळी काढून वूफरची (बेसच्या मोठ्या पडद्याची) कड बघ. फोमची असेल तर दमट हवेत एव्हाना भुगा झाली असेल, बोट लावलं की चिकट काळं येतं, मग कुठलाही अँप लाव बेस फाटकाच येणार. कड बदलून मिळते. ऐकायचं ते पाऊस पत्र्यावर नसताना, पंखा बंद करून. रीडिंग टाक इथे, मग भंगारवाल्याचं बघू.