ओव्हन नाही, क्रीम चीज परवडत नाही, तरी मैत्रिणीच्या वाढदिवसाला घरी चीजकेक जमेल का?

जमेल, अगदी नक्की. तुम्ही लिहिलंय की शनिवारी पार्टी आहे, पंधरा जण आहेत आणि एकदोघी जिलेटिन खात नाहीत, मग चक्का आणि घरचं पनीर वापरा आणि घट्ट व्हायला चायना ग्रासची पावडर, म्हणजे अगर अगर. मी गेली तीन वर्षं माझ्या जिवलग मैत्रिणीसाठी हाच करते.

यात सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर पाणी काढणं. गुरुवारी सकाळी एक लिटर फुल क्रीम दुधाचं दही लावा, रात्री ते सुती फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये. बाहेर टांगून ठेवलं तर उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबट होतं आणि मग कितीही साखर घाला, ती चव जात नाही. दुसऱ्या दिवशी फडकं उघडल्यावर चक्का कडेने आपोआप सुटून आला पाहिजे. फडक्याला चिकटून ओला राहत असेल तर अजून दोन तास ठेवा, घाई करू नका.

शुक्रवारी दुपारी आणखी एक लिटर दूध उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटांनी दोन चमचे लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला, दूध फाटून हिरवट पाणी वेगळं झालं की लगेच गाळा. फाटल्यावर उकळत ठेवलं की पनीर रबरासारखं होतं, मग मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी रवाळच लागतं. त्यावर गार पाणी ओतून लिंबाचा वास घालवा, हलक्या हाताने पिळा, वजन ठेवू नका. साधारण पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम निघतं. कोमट असतानाच चक्का, दीडशे ग्रॅम पिठीसाखर, २०० मिली फ्रेश क्रीम आणि वेलची घालून मिक्सरमधून काढा आणि बोटांच्या चिमटीत घासून बघा, एकही कण लागायला नको. (निवळी फेकू नका हं, तिच्यात कणीक मळा, पोळ्या मस्त मऊ होतात.)

खालच्या थराला १५० ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा आणि ७५ ग्रॅम वितळलेलं बटर, सात इंची तळ निघणाऱ्या टिनमध्ये वाटीने दाबून बसवा.

आता नाजूक भाग. दीडशे मिली पाण्यात दोन छोटे चमचे अगर पावडर घालून ढवळत दोनतीन मिनिटं चांगलं उकळा, नुसतं गरम करून विरघळत नाही. मी पहिल्या वर्षी हे फ्रिजमधून काढलेल्या गार मिश्रणात सरळ ओतलं आणि क्षणात शेवयांसारखे धागे झाले, फार वाईट वाटलं, कारण पाहुणे यायला तासच होता. शेवटी सगळं चाळणीतून गाळून छोट्या ग्लासांत बिस्किटांवर घातलं आणि तसंच दिलं. म्हणून मिश्रण आधी कोमट करून घ्या, त्यातले चारपाच चमचे अगरमध्ये फेटा आणि मगच सगळं एकत्र करा, आणि लगेच टिनमध्ये ओता, थांबलात की भांड्यातच घट्ट होईल.

रात्रभर फ्रिजमध्ये. वर हापूसचा रस घाला, आटवलेला, कच्चा पाणी सोडतो. पार्टी गच्चीवर असेल तर अगरचा अजून एक फायदा, जिलेटिनवाला केक उन्हाळ्यात बाहेर काढला की थोड्या वेळात ढिला पडतो, हा तासभर तरी उभा राहतो.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, प्रत्येक कापाला. आणि टिनची कडा शनिवारी ती आल्यावर तिच्यासमोरच काढा, माझी मैत्रीण दर वर्षी त्याच क्षणाचा फोटो काढते.